गॅरेजमध्ये मावणारं विमान घेऊन जेआरडी टाटा कराचीहून थेट इंग्लंडला निघाले होते

तळेगावहून चाकणच्या दिशेने निघालं की इंद्रायणीच्या काठावर इंदुरी लागतं. सरसेनापती दाभाड्यांची गढी असलेलं हे गाव. इथून उलट फिरून मावळात आत शिरलं की कामशेत येतं. पावसाळा सरला की तिथल्या टेकड्यांवरून रंगीबेरंगी पॅराग्लायडर उडताना दिसतात. एका पिशवीत मावणारं हे साधन. हौस असेल तर शिकायचं आणि उडायचं.

पण समजा हौस त्याच्या पुढची आहे. इंजिन असलेलं, पंखा असलेलं, स्वतःचं छोटं विमान घ्यायचंय. मग कोणतं घ्यायचं? सगळ्यात वेगवान? सगळ्यात देखणं? की खिशाला परवडेल ते?

साधारण शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न मुंबईतल्या एका २४ वर्षांच्या तरुणापुढे होता. त्याने जे विमान निवडलं ते त्या काळातलं सगळ्यात मोठं नव्हतं, सगळ्यात वेगवानही नव्हतं. पण त्याच घराण्यातल्या विमानांनी पुढे भारताची विमान कंपनी उभी केली.

त्या तरुणाचं नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. म्हणजेच जेआरडी.

समुद्रकिनाऱ्यावर लागलेलं वेड

मावळाला टाटा हे नाव नवीन नाही. लोणावळा, वळवण, ठोकळवाडी इथली धरणं टाटांच्या वीज कंपन्यांनी बांधलेली. पण जेआरडींची गोष्ट सुरू होते ती फ्रान्समध्ये.

२९ जुलै १९०४ ला त्यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई फ्रेंच. तिचं माहेरचं नाव सुझान ब्रिएर. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हार्डेलो या गावी जायचं. तिथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा जगातला पहिला माणूस तो हाच.

ब्लेरिओंचं विमान त्या किनाऱ्यावरच्या वाळूत उतरायचं. लहानगा जहांगीर ते बघत उभा राहायचा. वयाच्या १५ व्या वर्षी याच किनाऱ्यावर त्याला पहिल्यांदा विमानात बसायला मिळालं. आपणही वैमानिक व्हायचं हे त्याने तिथेच ठरवून टाकलं.

पण मधे बरंच काही घडलं. काही काळ फ्रेंच सैन्यात नोकरी झाली. १९२५ साली भारतात येऊन टाटांच्या कंपनीत उमेदवारी सुरू झाली. १९२६ साली वडील गेले आणि २२ व्या वर्षी घरची जबाबदारी अंगावर आली. विमान मागे पडलं.

१९२८ साली मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जुनी हौस परत जागी झाली. जुहूच्या मैदानावर जेआरडींनी शिकायला सुरुवात केली. चार तासांपेक्षाही कमी शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने दिलेल्या या परवान्यावर क्रमांक होता १.

परवाना हातात आला. आता प्रश्न विमानाचा होता.

तेव्हा बाजारात काय होतं?

पहिलं महायुद्ध संपल्यावर लढाऊ विमानं भंगाराच्या भावात विकली जात होती. पण ती घेऊन उपयोग नव्हता. इंजिन मोठं, पेट्रोल बेसुमार लागायचं, देखभालीला माणसं हवीत आणि ठेवायला भलीमोठी शेड हवी. विमान स्वस्तात मिळायचं, पण पाळणं म्हणजे घरी हत्ती बांधण्यासारखं होतं.

दुसऱ्या बाजूला काही कंपन्यांनी अगदीच चिमुकली विमानं बनवून पाहिली. त्यांची इंजिनं मोटारसायकलच्या ताकदीची. वारा समोरून आला की विमान जागचं हलायचं नाही.

या दोन टोकांच्या मधला रस्ता इंग्लंडच्या जेफ्री डी हॅविलँड यांनी शोधला. युद्धातून उरलेलं आठ सिलिंडरचं रेनॉ इंजिन घेऊन त्याच्या अर्ध्या भागातून चार सिलिंडरचं नवं इंजिन तयार करण्यात आलं. त्याभोवती डी हॅविलँडनी लाकूड आणि कापडाचं दोन आसनी विमान बांधलं. २२ फेब्रुवारी १९२५ ला ते पहिल्यांदा उडालं. डी हॅविलँडना फुलपाखरं आणि पतंग गोळा करायचा छंद होता. म्हणून विमानाचं नाव ठेवलं मॉथ, म्हणजे पतंग.

नाव शोभणारंच होतं. कारण पतंगासारखेच या विमानाचे पंख मिटायचे. उघडल्यावर रुंदी जवळपास ३० फूट, पण पंख मागे दुमडले की जेमतेम १० फूट. मोटारीच्या मागे बांधून ओढत न्यायचं आणि गॅरेजमध्ये लावून टाकायचं.

१९२८ साली याच विमानात कंपनीने स्वतःचं १०० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन बसवलं आणि जिप्सी मॉथ तयार झालं. इंग्लंडमध्ये नव्या विमानाची किंमत सुमारे ६५० पौंड. तेव्हाच्या दराने साडेआठ हजार रुपयांच्या वर. सामान्य माणसाला ही रक्कम आवाक्याबाहेरची होती. पण त्याआधी फक्त सरकारं आणि राजेरजवाडे विमान बाळगत होते, तिथे आता एखादा सुखवस्तू माणूसही ते घेऊ शकत होता.

जेआरडींनी निवडलं ते हेच जिप्सी मॉथ.

वेग ताशी १०० मैलांच्या आसपास, तोही इंजिन पूर्ण ताणलं तर. बसायची जागा उघडी, त्यामुळे ऊन, वारा, पाऊस सगळं तोंडावर. पुढे-मागे दोन खुर्च्या. रेडिओ नाही. मग या विमानात होतं काय?

पहिली गोष्ट म्हणजे ते हळू उतरायचं. ताशी ४०-४५ मैलांच्या वेगाने जमिनीला टेकायचं, त्यामुळे साधं मैदानही पुरायचं. तेव्हाच्या भारतात विमानतळ बोटांवर मोजण्याइतके असताना हा फार मोठा फायदा होता. दुसरं म्हणजे पेट्रोल बेताचं लागायचं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे विमान सगळ्यांकडे होतं. इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या फ्लाइंग क्लबांत मॉथच होती. त्यामुळे त्याचं इंजिन खोलून परत जोडता येईल असा माणूस आणि त्याचे सुटे भाग वाटेत कुठे ना कुठे मिळायचे.

या तिसऱ्या गोष्टीची किंमत जेआरडींना वर्षभरातच कळली. तीही एक शर्यत हरून.

आठ स्पार्क प्लगची गोष्ट

आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने विमान उडवत करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. अट एकच, निघाल्यापासून महिन्याभरात पोहोचायचं.

१९३० साली तिघे जण मैदानात उतरले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग, अवघ्या १७ वर्षांचा अस्पी इंजिनियर आणि २५ वर्षांचे जेआरडी. मनमोहन आणि अस्पी इंग्लंडहून भारताकडे येणार होते, जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे जाणार होते. तिघांचीही विमानं जिप्सी मॉथच होती.

त्याच महिन्यात आणखी एक जिप्सी मॉथ जग गाजवत होतं. ५ मे १९३० ला ॲमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी सेकंडहँड जिप्सी मॉथ घेऊन लंडनच्या क्रॉयडनहून निघाली आणि २४ मेला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरली. इतक्या लांब एकटीने उडणारी ती पहिली स्त्री ठरली. हौसेचं विमान म्हणून विकलं गेलेलं हे यंत्र किती दूर जाऊ शकतं हे त्या एका महिन्यात सगळ्यांना कळलं.

जेआरडी ३ मे ला कराचीहून निघाले. इराणचा किनारा, इराक, पॅलेस्टाईन असं करत ते इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरच्या विमानतळावर पोहोचले. तिथे त्यांना दुसरं एक जिप्सी मॉथ उभं दिसलं. ते अस्पीचं होतं.

अस्पी अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि त्याच्याकडे जादाचे प्लग नव्हते.

इथे थोडं इंजिन समजून घ्यावं लागेल. जिप्सीला चार सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा ठिणगी देत राहतो. असे एकूण आठ प्लग. ते काजळी धरून खराब झाले की इंजिन अडखळायला लागतं. खाली वाळवंट किंवा समुद्र असताना अडखळणारं इंजिन घेऊन उडणं म्हणजे जिवाशी खेळ. शहाणा वैमानिक जादाचे प्लग जवळ ठेवूनच निघायचा. जेआरडींनी ते ठेवले होते.

समोर प्रतिस्पर्धी होता. प्लग दिले नाहीत तर तो तिथेच राहणार आणि बक्षीस आपलं होणार, हे उघड होतं. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून अस्पीला दिले. विमान एकच, इंजिन एकच, त्यामुळे प्लग चपखल बसले. अस्पीने जाताना आपलं लाइफ जॅकेट जेआरडींना दिलं, कारण त्याचा समुद्र ओलांडून झाला होता आणि जेआरडींचा बाकी होता.

दोघेही आपापल्या दिशेने उडाले. अस्पी कराचीला आधी पोहोचला. जेआरडी इंग्लंडला पोहोचले, पण थोडक्यात मागे पडले. मनमोहन सिंग यांचा प्रवासही पूर्ण झाला, पण महिन्याची मुदत हुकली. बक्षीस अस्पीला मिळालं.

हाच अस्पी इंजिनियर पुढे भारतीय हवाई दलात गेला आणि १९६० साली हवाई दलप्रमुख झाला. शर्यत हरलेल्या जेआरडींशी त्याची मैत्री कायम राहिली.

उघड्या विमानातून बंद केबिनमध्ये

याच सुमारास जेआरडींची गाठ नेव्हिल विन्सेंट यांच्याशी पडली. विन्सेंट दक्षिण आफ्रिकेचे, ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक. भारतात गावोगावी विमानाचे खेळ दाखवत ते फिरले होते. त्यांच्या डोक्यात एक योजना होती.

इंपीरियल एअरवेजचं विमान इंग्लंडहून टपाल घेऊन कराचीला यायचं. पण तिथून पुढे मुंबई, मद्रासपर्यंत टपाल रेल्वेने जायचं आणि विमानाने वाचवलेला वेळ रेल्वेत वाया जायचा. मग कराचीहून पुढचा टप्पाही विमानाने का करू नये?

टाटा समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा सुरुवातीला तयार नव्हते. जेआरडींचे वरिष्ठ जॉन पीटरसन यांनी त्यांचं मन वळवलं. खर्च येणार होता २ लाख रुपये.

२ लाखांत विमान कंपनी? हे शक्य झालं ते विमानांच्या निवडीमुळे. मोठी प्रवासी विमानं घेतली असती तर या पैशात काहीच झालं नसतं. जेआरडी आणि विन्सेंट यांनी हौशी लोकांसाठी बनवलेलं विमानच निवडलं. मॉथच्या घराण्यातलं पुढचं पोर, पस मॉथ.

जिप्सी मॉथपेक्षा हे बरंच वेगळं होतं. दोन मजली पंखांऐवजी डोक्यावर एकच पंख. बसायला बंद केबिन. इंजिन उलटं टांगलेलं, म्हणजे सिलिंडर खाली, त्यामुळे वैमानिकाला समोरचं स्पष्ट दिसायचं. ताकद १२० अश्वशक्ती. वैमानिकाशिवाय एक-दोन माणसं किंवा टपालाच्या पिशव्या बसायच्या. ज्याने जिप्सी मॉथचं इंजिन हाताळलंय त्याला हेही इंजिन परकं नव्हतं.

पण यात एक धोका होता. त्या वर्षांत जगभरात काही पस मॉथ हवेतच मोडून पडली. वेग जास्त आणि हवा खवळलेली असली की पंख थरथरायला लागायचे आणि तुटायचे. ऑस्ट्रेलियाचे नामवंत वैमानिक बर्ट हिंकलर जानेवारी १९३३ मध्ये इटलीच्या डोंगरात कोसळले, तेही पस मॉथमध्येच. शेवटी तपास होऊन पंखांना आधार देणाऱ्या दांड्यांना जादा मजबुती द्यावी लागली. बंद केबिन आणि जास्त वेग बघून विमान घेणाऱ्यांना तेव्हा कळलं की नवं मॉडेल दिसायला चांगलं असलं तरी त्याची परीक्षा हवेतच होते.

१५ ऑक्टोबर १९३२

त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ उचललं. सोबत सुमारे २५ किलो टपाल. अहमदाबादला उतरले तेव्हा बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून पेट्रोल भरलं गेलं. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. तिथून पुढे विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. टाटांची विमानसेवा सुरू झाली.

सुरुवातीला सगळा पसारा केवढा, तर दोन पस मॉथ, जेआरडी आणि विन्सेंट धरून तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. रेडिओ नव्हता. खाली दिसणारी नदी, रेल्वेचे रूळ, समुद्रकिनारा बघत वाट काढायची. एखादा प्रवासी मिळालाच तर त्याला टपालाच्या पिशव्यांसोबत दाटीवाटीने बसायला लागायचं.

जुहूचं मैदान समुद्राला लागून. पावसाळा आला की तिथे चिखल आणि पाणी. मग दर पावसाळ्यात सगळा कारभार पुण्याला हलवला जायचा. येरवडा तुरुंगाजवळच्या मोकळ्या माळावरून विमानं उडायची. म्हणजे पुणे जिल्ह्याच्या आकाशात टपालाची ही विमानं घिरट्या घालायची आणि उतरायला लागायचा तो फक्त एक माळ. जड, वेगवान विमान निवडलं असतं तर पावसाळ्याचे चार महिने कंपनी बंद ठेवावी लागली असती.

पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, सुमारे १० टन टपाल आणि १५५ प्रवासी नेले. टपाल वेळेवर पोहोचवण्यासाठी कंपनीचं नाव झालं.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना माहीत आहे. १९४६ साली कंपनीचं नाव एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनकडे पहिलं आंतरराष्ट्रीय विमान निघालं. १९५३ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्ष म्हणून जेआरडी राहिले. १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केलं. विन्सेंट मात्र हे काहीच बघायला नव्हते. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात इंग्लंडहून परत येताना त्यांचं विमान नाहीसं झालं होतं.

७८ व्या वर्षी पुन्हा मॉथ

जेआरडींच्या कंपनीत नंतर जेट आली, जम्बो आली. पण ते स्वतः परत मॉथकडेच आले.

पहिल्या उड्डाणाला ३० वर्षं झाली तेव्हा, १९६२ साली, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. ५० वर्षं झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ ला, तिसऱ्यांदा. तेव्हा वय ७८. या दोन्ही वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ. हे मॉथ घराण्यातलं आणखी पुढचं विमान, १९३३ सालचं. पस मॉथसारखीच बंद केबिन, पण धड प्लायवुडचं आणि इंजिन १३० अश्वशक्तीचं. जवळपास ५० वर्षांचं जुनं विमान, एका इंजिनवर, अहमदाबादमार्गे जुहूला सुखरूप उतरलं. देशात निराशा वाढत चालली आहे, तरुणांना थोडी उमेद मिळावी, एवढाच त्यामागे त्यांचा हेतू होता.

इतकं जुनं विमान उडू शकलं याचं कारण परत तेच. बांधणी साधी होती, इंजिन उघडून दुरुस्त करता येण्यासारखं होतं आणि ते जपणारी माणसं होती.

१९९२ साली जेआरडींना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

आज हौसेसाठी छोटं विमान घ्यायचं म्हटलं तर नियम वेगळे आहेत, इंजिनं वेगळी आहेत, किमती तर विचारूच नयेत. पण विकत घ्यायच्या आधी विचारायचे प्रश्न तेच आहेत. ते ठेवणार कुठे? ते उतरेल कुठे? तासाला पेट्रोल किती खाईल? नव्या मॉडेलची हवेतली परीक्षा झाली आहे का? आणि घरापासून लांब कुठेतरी बंद पडलं, तर त्याला बसणारा स्पार्क प्लग तिथे कुणाच्या खिशात असेल का?

अबुकीरला तो जेआरडींच्या खिशात होता.